अमावास्येच्या सूर्योदयाला पाडवा कसा?

नाशिकच्या एका ताईंनी घरातला वाद लिहून विचारला आहे, तो थोडक्यात असा. २०२६ चा गुढीपाडवा १९ मार्चला, गुरुवारी आहे. पण पंचांगात त्या दिवसापुढे 'अमावास्या ६.५२ पर्यंत' असं छापलंय आणि प्रतिपदेपुढे 'क्षय'. सासूबाई म्हणतात, अमावास्येला कुणी गुढी उभारतं का, आपण २० तारखेला उभारू. न्यू जर्सीतले दीर म्हणतात, आमच्याकडे सूर्योदयाला स्वच्छ प्रतिपदा आहे, तुमचंच पंचांग चुकलंय. मोबाइलवरचं अ‍ॅप तिसरंच काही दाखवतं. ताईंचा शेवटचा प्रश्न खरा महत्त्वाचा: एवढी गफलत असेल तर हे पंचांग पाळायचंच कशाला?

आधी निकाल सांगतो, मग कारणं. गुढी १९ तारखेलाच उभारा, फक्त ६ वाजून ५२ मिनिटं होऊन गेल्यावर. २० तारखेच्या सूर्योदयाला द्वितीया लागलेली असेल, त्या दिवशीची गुढी पाडव्याची राहत नाही. सासूबाईंची शंका मात्र खुळी नाही. अमावास्या त्यांनी बरोबर पाहिली आहे, ती सरायला नाशकात सूर्योदयानंतर बारा मिनिटं लागतात, एवढंच. दीरांचं म्हणणंही खरं आहे, पण त्यांच्या गावापुरतं.

तिथीची गणितं करण्यात माझी तीसहून जास्त वर्षं गेली. सुरुवात केली तेव्हा लॉगॅरिथमची पुस्तकं आणि कोष्टकं घेऊन एका महिन्याच्या तिथी काढायला दोन-दोन दिवस लागत. आता संगणक तेच काम पापणी लवायच्या आत करतो. लोकांचे प्रश्न मात्र तेव्हाचेच राहिलेत, कारण भांडण बहुतेक वेळा आकड्यांचं नसतं. आकाश फक्त एक क्षण देतं. त्या क्षणावरून दिवस ठरवतो तो माणूस, आणि तोही आपल्या गावच्या सूर्याला धरून. या दोन गोष्टी वेगळ्या केल्या की निम्मे वाद आपोआप मिटतात.

तिथी म्हणजे काय ते एकदा नीट पाहू. चंद्र सूर्याच्या पुढे बारा अंश सरकला की एक तिथी संपते. पूर्ण फेऱ्यात ३६० अंश, म्हणून तीस तिथी. चंद्र रोज सरासरी तेरा अंश चालतो आणि सूर्य एक, म्हणजे तिथी साधारण एका दिवसाची झाली. पण चंद्राची चाल एकसारखी नसते. पृथ्वीच्या जवळ असला की तो धावतो, लांब गेला की रेंगाळतो. म्हणून कुठली तिथी २० तासांहून मिनिटभर कमीची असते, तर कुठली पावणेसत्तावीस तासांपर्यंत जाते. सूर्योदय मात्र ठरलेल्या वेळी होतच राहतात. मग एखादी तिथी दोन सूर्योदय पाहते, तिला आपण वृद्धी म्हणतो. एखादीच्या वाट्याला एकही सूर्योदय येत नाही, तिला क्षय म्हणतो.

'क्षय' या शब्दानेच लोक दचकतात. घरात कुणाला दम्याचा त्रास असेल तर फोन येतात, की या दिवशी काही करायचं का? तिथी कुठे नाहीशी होत नसते हो. यंदाची पाडव्याची प्रतिपदा १९ तारखेला सकाळी ६.५२ ला सुरू होते आणि २० च्या पहाटे ४.५२ ला संपते. चांगली २२ तासांची तिथी आहे. (काही पंचांगांत ही पहाट '२८.५२' अशी छापलेली दिसेल. तो छपाईचा दोष नाही. सूर्योदयापर्यंत आदलाच दिवस चालू असतो, म्हणून २४ च्या पुढे मोजतात.) तिचा गुन्हा एवढाच, की तिने सूर्योदय झाल्यावर पाऊल टाकलं आणि पुढचा सूर्योदय व्हायच्या आत ती निघून गेली.

आता गंमत बघा. १९ मार्चला नाशिकला सूर्य उगवतो ६.४० च्या सुमारास, मुंबईत ६.४३ ला, नागपुरात ६.१८ च्या आसपास. तीनही ठिकाणी सूर्योदयाला अमावास्याच आहे. पण द्वारकेला सूर्य उगवेपर्यंत ६.५५ उलटून जातात. म्हणजे द्वारकेच्या माणसाला त्या दिवशी सूर्योदयी प्रतिपदा मिळते, त्याच्या दृष्टीने क्षय वगैरे काही नाही. एकच देश, एकच घड्याळ, एकच चंद्र, आणि नाशिकला क्षय तिथी तर द्वारकेला नाही. रेखांशाच्या एका अंशाला चार मिनिटं, एवढ्या हिशेबावर हे सगळं उभं आहे.

मग नाशिककरांनी काय करायचं? याचं उत्तर पंढरपुरात १७९० साली लिहून ठेवलेलं आहे. काशीनाथशास्त्री उपाध्ये यांचा धर्मसिंधु महाराष्ट्रातल्या भिक्षुकांच्या घरोघरी असायचा, अजूनही असतो. वर्षारंभाची प्रतिपदा सूर्योदयाची घ्यावी, आणि दोन्ही दिवशी सूर्योदयाला असेल किंवा दोन्ही दिवशी नसेल तर पहिला दिवस घ्यावा, असा त्यातला निर्णय आहे. 'दोन्ही दिवशी नसेल तर' हे शब्द मुद्दाम वाचा. अडीचशे वर्षांपूर्वीच्या त्या शास्त्रीबुवांना हा पेच माहीत होता, सासूबाईंसारख्या कुणीतरी तो त्यांनाही घातला असणार.

आता दीरांकडे वळू. अमावास्या संपण्याचा क्षण जगभर एकच असतो. आपले १९ मार्चचे सकाळचे ६.५२ म्हणजे न्यू जर्सीत १८ मार्चचे रात्रीचे ९.२२. त्यामुळे १९ च्या सकाळी सात वाजता तिथे सूर्य उगवेल तेव्हा प्रतिपदा लागून दहा तास होत आलेले असतील. त्यांचा पाडवाही १९ लाच, आणि तो निर्विवाद. पण ते फार टेंभा मिरवायला लागले तर त्यांना गेल्या वर्षीची आठवण द्या. २०२५ चा पाडवा आपल्याकडे ३० मार्चला होता. अमावास्या संपली २९ मार्चला दुपारी साडेचारच्या सुमारास, प्रतिपदा संपली ३० ला दुपारी पाऊणच्या पुढे. आपल्याकडे सगळं सरळ. न्यू जर्सीत मात्र अमावास्या संपली २९ मार्चला सकाळी सातला दोन मिनिटं कमी असताना, आणि तिथला सूर्योदय होता ६.४६ चा. म्हणजे तुमच्या नाशकात यंदा जे झालंय तेच, आणि मिनिटंही तेवढीच बारा! प्रतिपदा ३० च्या पहाटे सव्वातीनच्या पुढे संपली. त्यांच्याकडे गेल्या वर्षी प्रतिपदा क्षय होती, आणि शास्त्राप्रमाणे त्यांचा पाडवा २९ मार्चला होता, आपल्या एक दिवस आधी. शनिवार-रविवारच्या गडबडीत तिथल्या किती घरांनी भारताची तारीख पाहून ३० ला गुढी उभारली असेल!

परदेशातल्या मराठी माणसांना म्हणून मी एकच सांगतो. भारतातल्या कॅलेंडरची तारीख उचलून वापरू नका. तिथीचा क्षण घ्या, तो आपल्या घड्याळात बसवा आणि आपल्या गावचा सूर्योदय पाहा. अमेरिकेत हे केलं की पुष्कळदा सण एक दिवस आधी येतो. संकष्टीला तर आपल्या गावचा चंद्रोदय पाहिल्याशिवाय गत्यंतरच नाही. पुण्याचा चंद्रोदय पाहून ह्यूस्टनमध्ये उपास सोडणं म्हणजे शेजारच्या घरी शिट्टी झाली म्हणून आपला कुकर उतरवण्यासारखं आहे.

२०२५ ची ती प्रतिपदा आणखी एका कारणाने माझ्या लक्षात राहिली आहे. ती जेमतेम २० तास २२ मिनिटांची होती, कारण चंद्र त्या वेळी पृथ्वीच्या अगदी जवळ होता. जुन्या पंचांगकर्त्यांपुढे ही तिथी ठेवली असती तर त्यांनी गणित चुकलं म्हणून कागद परत केला असता. त्यांचा दंडक होता 'बाणवृद्धी रसक्षय'. बाण पाच, रस सहा. साठ घटिकांची तिथी फार तर पाच घटिका वाढेल किंवा सहा घटिका घटेल. घटिका म्हणजे २४ मिनिटं, म्हणजे तिथी २१ तास ३६ मिनिटांहून लहान असूच शकत नाही! प्रत्यक्ष चंद्राची सगळी गती हिशेबात घेतली तर सात घटिका वाढ आणि दहा घटिका घट येते. या 'सप्तवृद्धी दशक्षय'वरून आपल्याकडे विद्वानांत अक्षरशः हमरीतुमरी झालेली आहे. जुन्या धर्मशास्त्रग्रंथांनी निर्णय देताना मनात जी तिथी धरली ती पाच-सहा घटिकांची, मग सूक्ष्म गणित आणून सगळे निर्णय विस्कटायचे का, असा सनातन्यांचा सवाल होता. सवाल अगदीच टाकाऊ नव्हता. पण चंद्र कुणाच्या दंडकाने चालत नाही.

पंचांग पाळायचं कशाला, या तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर इथून सुरू होतं. लोकांना वाटतं परंपरा म्हणजे कुणीतरी एकदा लिहून ठेवलं आणि पुढे सगळ्यांनी माना डोलावल्या. पंचांगाच्या बाबतीत नेमकं उलटं घडत आलंय. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली, ग्रहलाघव लिहिला. त्यांचे वडील केशव स्वतः आकाश पाहून ग्रंथातले ग्रह आणि दिसणारे ग्रह जुळत नाहीत हे नोंदवत होते. मुलाने त्यावरून गणित दुरुस्त केलं आणि ज्या-कोटिज्यांची (म्हणजे साइन-कोसाइनची) किचकट आकडेमोड टाळून ते इतकं सोपं केलं, की पुढे तीनशे वर्षं महाराष्ट्रातली पंचांगं त्यावर चालली. एकोणिसाव्या शतकात तेही गणित मागे पडलं. ग्रहणं छापलेल्या वेळेला लागेनात. पंचांगात बाकी काहीही खपून जातं, ग्रहण लपवता येत नाही. तेव्हा केरो लक्ष्मण छत्रे यांनी युरोपीय ज्योतिषाच्या आधारे ग्रहांची कोष्टकं मराठीत तयार केली. त्या गणितावरचं पटवर्धनी पंचांग १८६५ च्या सुमारास सुरू झालं. छत्रे म्हणजे लोकमान्य टिळकांचे गणिताचे गुरू. शिष्यानेही पुढे पंचांगशुद्धीचा वाद अंगावर घेतला. व्यंकटेश बापूजी केतकरांनी सूक्ष्म गणिताची पक्की बैठक घातली. आमची पिढी केतकरांच्या खांद्यावर बसूनच शिकली. या सगळ्यांचा एकच हट्ट होता, त्याला आमच्या धंद्यात दृक्प्रत्यय म्हणतात: लिहिलंय ते डोळ्यांना दिसलं पाहिजे.

हट्टी माणसं एकत्र आली की पंथ निघतात, तसे इथेही निघाले. राशिचक्राचा आरंभबिंदू आकाशात कुठे धरायचा यावर एकमत झालं नाही. एक पक्ष चित्रा तारा धरून तो ठरवतो, दुसरा रेवती. दोघांत सुमारे चार अंशांचा फरक, म्हणजे संक्रांतीत चार दिवसांचा. टिळक पंचांग रेवती पक्षाचं, म्हणून त्यात मकरसंक्रांत १० जानेवारीला येते. एरवी हा फरक कुणाला जाणवत नाही, पण अधिक महिना कुठला हे संक्रांतीवरून, म्हणजे सूर्य रास कधी बदलतो यावरून, ठरतं, आणि तिथे ठिणगी पडते. २०२३ साली बाकी महाराष्ट्रात अधिक श्रावण आला आणि गणपती १९ सप्टेंबरला बसले. टिळक पंचांग मानणाऱ्या कोकणातल्या काही घरांत ते २० ऑगस्टलाच येऊन गेले. शेजारच्या घरात मोदक आणि आपल्याकडे नागपंचमीची तयारी. त्यांचं चुकलं का? नाही. त्यांचा आरंभबिंदू वेगळा आहे आणि ते त्याला धरून आहेत. एकाच घरात मात्र गणपती एका पंचांगाचा आणि संक्रांत दुसऱ्याची, असं करू नका.

स्वातंत्र्यानंतर सरकारने हा गुंता सोडवायला १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय सौर दिनदर्शिका लागू झाली. आकाशवाणीवर 'भारतीय सौर' म्हणून तारीख ऐकता ना, ती हीच. कॅलेंडर म्हणून ते साधं, नीटस आहे. घराघरांत गेलं नाही, कारण त्यात चंद्र नाही. आपल्या सणांना चंद्र लागतो.

संक्रांतीचा विषय निघालाच आहे म्हणून एक सांगतो, मग मूळ मुद्द्याकडे येतो. 'पानिपतावर संक्रांत कोसळली' हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलंय, की १४ जानेवारी १७६१ ला संक्रांत होती असं सगळे धरून चालतात. नव्हती. आपली संक्रांत ताऱ्यांना बांधलेली आहे आणि इंग्रजी वर्ष ऋतूंना. दोघांत वर्षाला वीस मिनिटांचं अंतर पडतं, ७२ वर्षांत एक दिवस. उलट मोजत गेलात तर १७६१ मध्ये सूर्य मकरेत गेला तो १० जानेवारीच्या सुमारास. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, आणि त्यांची तारीख १२ जानेवारी १८६३, हा तुम्हाला घरबसल्या मिळणारा पुरावा. पानिपतच्या दिवशी पौष शुद्ध अष्टमी होती. आणि तारीख की तिथी म्हणून दरवर्षी शिवजयंतीला जुंपते ना, त्यातल्या तारीखवाल्यांनाही एक माहीत असू द्या. १९ फेब्रुवारी १६३० ही त्या काळच्या जुलियन कॅलेंडरची तारीख आहे. आजच्या कॅलेंडरने मोजली तर ती १ मार्च येते. फाल्गुन वद्य तृतीया मात्र तेव्हाही तीच होती आणि आजही तीच आहे.

तर मूळ मुद्दा. गावानंतर दुसरी गोष्ट पाहायची ती म्हणजे काय करायचंय. सगळ्या सणांना सूर्योदयाची तिथी लागते हा सर्रास गैरसमज आहे. अ‍ॅपवाल्यांनी 'उदयतिथी' हा शब्द पसरवून तो आणखी वाढवलाय. गणेश चतुर्थीला आणि रामनवमीला मध्यान्हीची तिथी पाहतात. गोकुळाष्टमीला आणि महाशिवरात्रीला मध्यरात्रीची. लक्ष्मीपूजनाला सूर्यास्तानंतरचा प्रदोषकाळ. दसऱ्याला आणि श्राद्धाला अपराह्ण, म्हणजे दुपार कलल्यावरची वेळ. देव जन्मला ती वेळ, दिवे लावायची वेळ, पितरांना जेवू घालायची वेळ. कृत्य ज्या वेळेचं, त्या वेळेला तिथी हवी. साधी गोष्ट आहे.

ही साधी गोष्ट मी उमेदवारीच्या काळात पेठेतल्या एका गृहस्थांच्या बाबतीत विसरलो होतो. वडिलांच्या वर्षश्राद्धाची तारीख विचारायला ते आले. तिथी दोन दिवसांत विभागली होती. मी ऐटीत सूर्योदयाची पाहून दुसरा दिवस सांगितला. त्या दुसऱ्या दिवशी तिथी सकाळी साडेनऊलाच संपत होती. आमच्या गुरुजींनी संध्याकाळी वही पाहिली आणि एवढंच विचारलं, "पानं साडेनऊच्या आत वाढणार आहेस का रे?" दिवसाचे पाच भाग करायचे, त्यातला चौथा अपराह्ण. साडेसहा ते साडेसहाचा दिवस धरला तर दुपारी पावणेदोन ते चार. त्या वेळेत तिथी आदल्या दिवशी होती. रात्री सायकल मारत त्या गृहस्थांच्या घरी गेलो आणि तारीख बदलून आलो. ते काही बोलले नाहीत, पण पुढच्या वर्षी ते माझ्याकडे आले नाहीत.

२०२४ ची दिवाळी याच जातीची, फक्त देशभर गाजली. अमावास्या ३१ ऑक्टोबरला दुपारी ३.५२ ला लागली आणि १ नोव्हेंबरला संध्याकाळी ६.१६ ला संपली. म्हणजे दोन्ही संध्याकाळी प्रदोषकाळाला अमावास्येचा स्पर्श होता. पहिल्या दिवशी भरभरून, दुसऱ्या दिवशी अगदी थोडा: मुंबईत सूर्यास्तानंतर अकरा मिनिटं, नागपुरात पाऊण तासाच्या आत, कोलकात्यात सव्वा तास. उत्तरेत बऱ्याच ठिकाणी ३१ ला पूजन झालं, महाराष्ट्रातल्या प्रमुख पंचांगांनी १ नोव्हेंबर दिला, शेअर बाजाराचा मुहूर्ताचा सौदाही १ लाच झाला. एका बाजूचं म्हणणं, ज्या रात्री अमावास्या पूर्ण आहे ती घ्या. दुसऱ्या बाजूचं, दोन्ही दिवशी स्पर्श असेल तर दुसरा दिवस, कारण प्रतिपदेला भिडलेली अमावास्या श्रेष्ठ. मी दुसऱ्या बाजूचा. पण मुंबईच्या अकरा मिनिटांवर एवढा डोलारा उभा करताना मलाही जरा अवघडल्यासारखं झालं होतं, ते लपवत नाही. अशा वेळी आपल्या घरी जे पंचांग चालत आलंय ते धरावं आणि शेजाऱ्याच्या पणत्यांना नावं ठेवू नयेत.

अ‍ॅपचं म्हणाल तर बहुतेक अ‍ॅपचं गणित चांगलं असतं, बोंब असते ती सेटिंगमध्ये. पहिलं, गाव तपासा. पुष्कळांच्या मोबाइलवर दिल्ली किंवा उज्जैन तसंच पडलेलं असतं. दुसरं, महिना अमावास्येला संपतो की पौर्णिमेला ते पाहा. आपला अमान्त, उत्तरेचा पौर्णिमान्त. ते चुकलं तर वद्य पक्षात महिन्याचं नाव एकाने पुढे दिसतं. आपली माघ वद्य चतुर्दशीची महाशिवरात्र अ‍ॅपवर फाल्गुनात दिसली तर घाबरू नका, दिवस तोच असतो. तुमच्या अ‍ॅपमध्ये या दोन्ही गोष्टी दुरुस्त केल्यात की ते छापील पंचांगाशी जुळेल याची मला जवळजवळ खात्री आहे. राहता राहिले राहुकाळ, चौघडिये आणि आज कुठला रंग घालायचा याच्या सूचना. त्या बंद करून टाका. पाडवा साडेतीन मुहूर्तांतला एक पूर्ण मुहूर्त आहे, त्यात पुन्हा मुहूर्त शोधायचा नसतो. 'गुढी उभारण्याचा शुभ मुहूर्त ७.१४ ते ७.५१' असले निरोप फिरतात, ते पाठवणाऱ्याला विचारा की कुठल्या गावचे?

आता कशाला पाळायचं ते. श्रद्धा असेल त्याला कारण सांगावं लागत नाही. नसेल त्यालाही तिथी एक गोष्ट सांगते, जी तारीख कधीच सांगत नाही: आज रात्री चंद्र कुठे आणि किती. कोकण किनाऱ्यावर याचं मोल कळतं. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे मोठी भरती, आणि अष्टमीला भांग, म्हणजे सर्वांत लहान भरती. भरतीची वेळ काढायची तर तिथीला तीनाने गुणा आणि चाराने भागा. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. थोडी चूक धरून चालायचं, पण सिंधुदुर्गाला नेणारा नाववाला हे तोंडी करतो, त्याला अ‍ॅप उघडावं लागत नाही. तारखेवरून हे करून दाखवा! मृगाच्या पावसाचं मात्र मी असं छातीठोक सांगणार नाही. सूर्य मृगात जायची तारीखही त्या ७२ वर्षांच्या हिशेबाने पुढे सरकत चाललीय. गणेश दैवज्ञांच्या काळापासून ऋतूच्या मानाने ती सात दिवस सरकली. पेरणीला हवामानखात्याचा अंदाज पाहावा, पंचांगातलं बेडकाचं नि गाढवाचं वाहन वाचून हसावं.

घरात मुलं असतील तर त्यांना वाढदिवसाचं गणित दाखवा. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, म्हणून तिथीचा वाढदिवस दरवर्षी अकरा दिवस मागे येतो, अधिक महिन्याने उडी मारून पुढे जातो, आणि १९ वर्षांनी तारीख नि तिथी पुन्हा एकमेकींना भेटतात, क्वचित एखाद्या दिवसाने चुकून. १९ वर्षांत सात अधिक महिने घातले की सूर्य-चंद्राचा हिशेब जवळजवळ तंतोतंत मिटतो. सासूबाईंचा सत्तावन्नावा किंवा शहात्तरावा वाढदिवस जवळ असेल तर करून पाहा.

यंदा अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. दोन अमावास्यांच्या मधे सूर्याने रास बदलली नाही तर तो महिना अधिक. यंदा १५ जूनला अमावास्या सकाळी साडेआठच्या आत संपते आणि सूर्य मिथुनेत जातो तो दुपारी एकच्या सुमारास. साडेचार तास आधी गेला असता तर महिना अधिक ठरला नसता. घरात ज्येष्ठातलं वर्षश्राद्ध असेल तर ते निज, म्हणजे अधिकानंतर येणाऱ्या खऱ्या, ज्येष्ठात करायचं. वटपौर्णिमाही निजातली, २९ जूनची. ३१ मेची पौर्णिमा अधिकातली आहे. त्या दिवशी अ‍ॅपने वडाची आठवण करून दिली, तर तिकडे लक्ष देऊ नका आणि सासूबाईंना तेवढं सांगून ठेवा, म्हणजे त्या फणस आणि आंबे एक महिना आधी आणून ठेवणार नाहीत.